कच्चे काम आत दाखव

चि. ………… हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे नाव मी मुद्दाम गाळले आहे. तू तिघींबरोबर खोली घेऊन राहतेस, पाकीट कोणाच्याही हाती पडू शकते, आणि कोणाला काय कळावे हे ठरवण्याचा हक्क तुझा आहे. एवढे सोडले तर या पत्रात मी काही झाकून लिहिणार नाही.

रविवारी तू फोनवर पाऊण तास बोललीस. मानसशास्त्रज्ञांकडे तीन वेळा जाऊन आलीस. त्या काही सांगत नाहीत, नुसते विचारत राहतात. दुसऱ्या वेळी तर बाहेर पडल्यावर कर्वे रस्त्याच्या बसथांब्यावर तुला रडू आवरेना. आता गुरुवारी पुन्हा जावे की हे सगळे इथेच थांबवावे, असा तुझा प्रश्न होता. मी "जा" म्हणाले आणि आणखी बोलणार होते, तेवढ्यात तू म्हणालीस, "तो नऊ प्रश्नांचा कागद असतो ना बाई, त्यात शेवटच्याला मी दर वेळी शून्य लिहिते. उगाच कशाला." आणि बस आली म्हणून फोन ठेवलास.

तो कागद मला चांगला माहीत आहे, कारण मीही तो भरलेला आहे. पीएचक्यू-९ असे त्याचे नाव. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, उदासी, कामात लक्ष लागणे यांचे काय झाले ते त्यात विचारतात आणि प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ असा आकडा द्यायचा असतो. बेरीज जास्तीत जास्त २७. नववा प्रश्न असा, की आपण मेलेले बरे किंवा स्वतःला काही इजा करून घ्यावी, असे विचार किती दिवस आले. सोमवारी सकाळी सातला मी तुला फोन करून हेच सरळ विचारले, तेव्हा तू बराच वेळ गप्प राहिलीस आणि मग म्हणालीस, "विचार येतो बाई, पण मी काही करणार नाही." तुझे म्हणणे मी खरे धरले आहे. पण मग तिथे शून्य नव्हते. तिथे एक होता, कदाचित दोन. तो आकडा साताऱ्यात बसलेल्या निवृत्त गणिताच्या बाईला ठाऊक आहे, आणि ज्यांना त्याचे काय करायचे ते येते, त्यांनाच ठाऊक नाही. म्हणून हे पत्र.

आठवीत असताना तू उदाहरण सोडवून झाले की उजव्या बाजूचे कच्चे काम खोडरबराने घासून काढायचीस. एकदा घासता घासता कागद फाटला. मी त्या भोकावर बोट ठेवून तुला विचारले होते, की उत्तर चुकले हे मला दिसते आहे, पण कुठे चुकले हे मी आता शोधू कुठून? तू म्हणालीस, "घाण दिसत होतं म्हणून खोडलं." तू आजही तेच करते आहेस. त्या खोलीत पक्की वही घेऊन जातेस आणि कच्चे काम जिना उतरल्यावर मला फोनवर दाखवतेस. मुली, कच्चे काम आत दाखव. मला सांगायचे आहे ते एवढेच, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

माझे ऐक. २००४ साली, सासूबाई गेल्यानंतर चारएक महिन्यांनी, वर्गात फळ्याकडे वळले की माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची, हात गार पडायचे आणि आता आपण मुलांसमोर कोसळणार असे वाटायचे. ईसीजी काढून झाला, थायरॉइड तपासून झाले, सगळे ठीक निघाले, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या एका मानसशास्त्रज्ञांचे नाव लिहून दिले. मी चार शनिवार एसटीने स्वारगेटला उतरून त्यांच्याकडे गेले आणि चारही वेळा सांगितले, की दहावीचा वर्ग आहे, शाळेचा ताण आहे. त्यांनी मला एक वही ठेवायला सांगितली होती. धडधड कधी झाली, त्या क्षणी मनात काय चालले होते, भीती शंभरपैकी किती, हे रोजच्या रोज लिहायचे. मी ती वही शनिवारी पहाटे सातारा स्टँडच्या बाकावर, गाडीची वाट पाहताना भरत असे. सात दिवस वेगवेगळे वाटावेत म्हणून तीन दिवस निळ्या पेनने, दोन दिवस काळ्याने आणि उरलेले पेन्सिलीने. भीतीचे आकडेही मी दर आठवड्याला थोडे उतरते ठेवत होते, ६०, मग ५५, मग ५०, म्हणजे त्यांना आपल्या कामाचे समाधान वाटावे. मुलांच्या वह्यांतली हीच लबाडी मी तोवर वीस वर्षे एका नजरेत पकडत आले होते.

चौथ्या वेळी मी बोलत असताना त्यांची नजर दोनदा माझ्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. यांना आपला कंटाळा आला, असे मी ठरवून टाकले. मला राग आला. तो राग मी रात्री यजमानांना सांगितला, दुसऱ्या दिवशी बहिणीला सांगितला. ज्यांच्यावर आला होता त्यांना सोडून सर्वांना सांगितला. पुढच्या शनिवारी पेपर तपासायचे आहेत असा निरोप धाडला आणि पुन्हा गेले नाही. त्यानंतरची नऊ वर्षे मी तशीच काढली. लग्नकार्यात पुढच्या रांगेत बसणे सोडले, लिफ्टमध्ये पाऊल ठेवले नाही, सभागृहात दारे बंद होतात म्हणून मुलीच्या पदवीदान समारंभाला गेले नाही. तो फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत लावलेला आहे. तिच्या एका बाजूला तिचे वडील उभे आहेत आणि दुसऱ्या बाजूची जागा रिकामी आहे.

मी लपवत होते ते हे. सासूबाई सात वर्षे अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांचे सगळे मीच केले. त्या गेल्या त्या पहाटे मोरीत तोंडावर पाणी मारताना माझ्या मनात पहिला शब्द आला तो "सुटले". त्या सुटल्या, असे लोक म्हणतात. माझ्या मनातला शब्द माझ्यासाठी होता. हा शब्द मी कोणापुढे काढणार होते? आमच्या शिक्षकखोलीत "याला येरवड्याला पाठवा", "हिला ठाण्याला नेऊन सोडा" ही वाक्ये रोज थट्टेत फिरत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही महाराष्ट्रातल्या मनोरुग्णालयांची चार गावे, आणि त्यांची नावे आम्ही शिवीसारखी वापरत होतो. घरी यजमान विचारायचे, "काय विचारलं त्यांनी?" मायेनेच विचारायचे, पण ते त्यांच्या आईबद्दल होते. मी भित्री नव्हते. पहाटे साडेचारला उठून अंथरूण बदलून साडेसातची शाळा गाठणारी बाई भित्री नसते. मला एवढे कोणी सांगितलेच नव्हते, की त्या खोलीत वाईट दिसणारी गोष्टच न्यायची असते. हे मी स्वतःचे समर्थन करते आहे, याची मला जाणीव आहे. तरी ते खोटे नाही, आणि तुला ते सांगायला आज कोणीतरी आहे, म्हणून तुझ्याकडून मी माझ्यापेक्षा जास्त अपेक्षा करते.

२०१३ साली मी साताऱ्यातच दुसऱ्या एका मानसशास्त्रज्ञांकडे गेले, आणि पहिल्याच दिवशी ती जुनी वही त्यांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ही सगळी खोटी आहे." त्यांनी पाने उलटली, निळी शाई पाहिली, काळी पाहिली, आणि विचारले, "कोणाला बरं वाटावं म्हणून भरली होती?" तो पाऊण तास त्या एका प्रश्नावर गेला. तिसऱ्या वेळी मी "सुटले" हा शब्द उच्चारला. त्यांच्या कपाळावर आठी पडली नाही, की त्यांनी हातातल्या कागदावर काही टिपून घेतले नाही. त्यांनी फक्त विचारले, की सात वर्षांनी असे वाटले, तर त्यात अपराध कोणता? मी म्हणाले, अशी भावना माझ्या मनात यायलाच नको होती. त्यांनी त्या "च" वर बोट ठेवले. त्यांची पद्धत अल्बर्ट एलिस यांची होती, विवेकनिष्ठ उपचारांची. एलिस यांनी ती अमेरिकेत १९५५ च्या सुमारास मांडली, आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून ती आत्मसात केली व आपल्याकडे रुजवली. त्यात प्रसंग, त्या प्रसंगाबद्दलचा आपला विचार आणि त्यातून उठणारी भावना, या तीन गोष्टी सुट्या करून पाहायला शिकवतात, आणि विचारातला हट्ट शोधून काढतात. माझा हट्ट त्या एका अक्षरात होता. पण तो त्यांना सापडला, कारण मी वाक्य जसेच्या तसे बोलले. चार शनिवार जिला फक्त "शाळेचा ताण" आहे, तिचा "च" कोणाला सापडणार?

घड्याळाचेही मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, की वेळ ४५-५० मिनिटांची असते आणि शेवटच्या पाच मिनिटांत कोणी सगळ्यात जड गोष्ट उघडून तशीच घेऊन घरी जाऊ नये, म्हणून आम्हाला घड्याळाकडे लक्ष ठेवावे लागते. माणसे ती जड गोष्ट नेमकी उठताना, पर्स खांद्याला लावताना बोलतात, हे त्या रोज पाहत होत्या. तू मला शून्याचे सांगितलेस तेही फोन ठेवतानाच.

आता तुझ्या तक्रारी घेते. त्या सल्ला देत नाहीत, असे तू म्हणतेस. सल्ला द्यायला तुझी आत्या आहे, मी आहे. पहिल्या दोन-तीन भेटी बहुधा माहिती घेण्यातच जातात: झोप, जेवण, घरात कोण कोण, पूर्वी असे कधी झाले होते का, कोणते औषध चालू आहे. त्यानंतर आपल्याला काय साधायचे आहे हे दोघींनी मिळून ठरवायचे असते. ते अजून ठरलेले नसेल तर "मॅडम, आपण कशावर काम करतो आहोत?" असे विचारायचे, त्यांना राग येणार नाही, उलट सोपे जाईल. अशा उपचारांना साधारण १२ ते २० भेटी लागतात आणि तू तिसऱ्या भेटीत निकाल मागते आहेस. बसथांब्यावर रडू आले, याचा अर्थ बिघडले असा घेऊ नकोस. इतकी वर्षे दाबून ठेवलेले हलवले की पहिल्यांदा त्रास वाढल्यासारखा वाटतो. त्या दिवशी नंतर ऑफिसची मीटिंग ठेवू नकोस, थोडी चाल, घरी जाऊन गरम जेव. आणि रडू आले होते हे गुरुवारी त्यांना सांग. त्यांना ते माहीत नाही. मला माहीत असून काय उपयोग?

त्या औषध देत नाहीत याचे तुला आश्चर्य वाटले होते. मानसशास्त्रज्ञ औषध लिहून देत नाहीत, ते काम एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेल्या डॉक्टरांचे; गरज वाटली तर त्या तुला तिकडे पाठवतील, आणि पाठवले तर जा. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे आहे का, हे तू खुशाल विचार. विचारणे उद्धटपणा नाही.

नवव्या प्रश्नावर येते. तुला भीती आहे की एक लिहिला तर त्या तुझ्या बाबांना फोन करतील, दवाखान्यात दाखल करतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि तू सज्ञान आहेस. त्याला मोजके अपवाद आहेत, त्यांपैकी एक जिवाला धोका हा आहे, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण विचार येणे आणि धोका उभा राहणे यांत अंतर असते, आणि ते अंतर मोजणे हेच त्यांचे शिक्षण. त्या विचारतील: किती वेळा येतो, किती वेळ टिकतो, काही ठरवले आहेस का, हाताशी काही आहे का, आणि अशा वेळी तुला काय थांबवते. मग अशा रात्री काय करायचे, कोणाला फोन करायचा, हे दोघी मिळून लिहून काढाल. एक आकडा पाहून मानसशास्त्रज्ञाला कोणाला दाखल करता येत नाही. संमतीशिवाय दाखल करायला कायद्याने कडक अटी घातल्या आहेत आणि दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते. त्यांनी गोपनीयतेबद्दल पहिल्या दिवशी काय सांगितले ते तुला आठवत नसेल, तर आकडा सांगण्याआधी तेच पुन्हा विचार: "मी हे सांगितलं तर तुम्ही कोणाला सांगाल?" हा प्रश्नही कच्च्या कामातलाच आहे. तोही आत विचार.

तू एकटी असे करतेस असे समजू नकोस. कोलंबिया विद्यापीठातल्या ब्लँचर्ड आणि फार्बर या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उपचार घेणाऱ्या ५४७ जणांना विचारले, तेव्हा ९३ टक्के लोकांनी आपण उपचारकर्त्याशी केव्हा ना केव्हा खोटे बोललो, असे कबूल केले. पुष्कळजण तर उपचारांचा गुण येतो आहे असे दाखवत होते, उपचारकर्त्याचे बोलणे पटल्याचे भासवत होते. ते वाचले तेव्हा मला माझे तीन रंग आठवले. आपण मार्क मिळवायला शिकलेली माणसे. समोर कोणी कागद घेऊन बसले की आपण आपोआप चांगले विद्यार्थी होतो. त्या खोलीत चांगली विद्यार्थिनी होऊ नकोस.

आणखी एक गोष्ट मला फार खटकली. तू त्यांच्याशी इंग्रजीत बोलतेस. त्यांनी पहिल्या दिवशी इंग्रजीत सुरुवात केली म्हणून तूही तशीच बोलत राहिलीस, आणि म्हणे आता बदलायला कसेतरी वाटते. त्या स्वतः मराठी आहेत! माझ्याशी बोलताना तू म्हणालीस, "बाई, संध्याकाळ झाली की पोटात खड्डा पडतो, जीव कशातच रमत नाही, उगाच कोणीतरी ओरडेल असं वाटत राहतं." त्यांना तू काय सांगितलेस असे विचारल्यावर म्हणालीस, "आय फील लो." या तीन शब्दांत तुझी संध्याकाळ कुठे आहे? ओरडणारे ते कोणीतरी कुठे आहे? "पोटात खड्डा" म्हटले असतेस तर त्यांनी विचारले असते, कधीपासून, लहानपणी संध्याकाळी घरी काय व्हायचे. मला तर ते माहीत आहे; तुझे बाबा कामावरून येण्याची वेळ शाळा सुटल्यावरही वर्गात रेंगाळणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर मला दिसत असे. मी तेव्हा विचारले नाही. त्या वर्षी मी स्वतःच नुकती सावरत होते, हे कारण आहे, आणि ते मला पुरत नाही. गुरुवारी मराठीत बोल. जिथे इंग्रजी शब्दच आधी येईल तिथे तो वापर, पण पोटातला खड्डा मराठीतच सांग.

तुझी मैत्रीण म्हणते, सूर जुळत नसेल तर सरळ दुसरे कोणी पाहा. पाहा, जरूर पाहा, पण न सांगता बदलू नकोस. "तुम्ही गप्प बसता तेव्हा मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं" हे आधी त्यांना सांग आणि त्या काय करतात ते पाहा. त्या ऐकून घेऊन काही बदलतात की स्वतःचाच बचाव करत बसतात, यावरून तुला त्यांची जितकी ओळख पटेल तितकी आणखी दहा भेटींत पटणार नाही. दोन-तीनदा सांगूनही जमले नाही, तर निघताना मी जाते आहे असे सांगून निघ. याला अपवाद एकच. कोणी अंगचटीला आले, तुझी गोष्ट बाहेर फोडली, उपास-तापास किंवा लग्न हा उपाय सांगू लागले, तर त्यांना काही न सांगता त्याच पावली उठून ये. तिथे मी माझा हट्ट सोडते. बाकी कुठे नाही.

आता माझ्याबद्दल. तू मला फोन करतेस तेव्हा मला बरे वाटते, हे मी नाकारणार नाही. पण गेले तीन आठवडे काय होते आहे ते पाहा: तू जिना उतरतेस, मला सगळे सांगतेस, जीव हलका होतो, आणि मग आठवडाभर ते आत सांगण्याची निकडच उरत नाही. मी तुझा उपचार खाऊन टाकते आहे. म्हणून गुरुवारच्या भेटीनंतर निदान दोन दिवस, भेटीत काय झाले ते सांगायला मला फोन करायचा नाही. रात्री तो विचार आला तर मात्र कोणत्याही वेळी करायचा. मी उशाशी फोन ठेवून झोपते. मी उचलला नाही तर १४४१६, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक. २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास असतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. हा क्रमांक आत्ता, पुढचे वाचण्याआधी, फोनमध्ये घालून ठेव.

गुरुवारपर्यंत थांबूही नकोस. पत्र बुधवारी पोचेल. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुझ्या मॅडमना निरोप पाठव. काय लिहावे सुचणार नाही, म्हणून मी लिहून देते, तसेच पाठव: "मॅडम, कागदातल्या नवव्या प्रश्नाचं उत्तर मी तिन्ही वेळा खरं दिलं नव्हतं. उद्या त्याबद्दल बोलायचं आहे. मला भीती वाटते आहे." उद्यापर्यंत धीर धरवत नाही असे वाटले तर तेही त्यातच लिही. वाक्ये घडवत बसू नकोस, शुद्धलेखन पाहू नकोस.

निरोप गेला की मला फक्त "पाठवला" एवढे कळव. डब्यात पराठे नेतेस की अजून बाहेरचेच खातेस, ते शनिवारी विचारीन.

तुझी,
बाई